लागला की लावला

चर्रर्र करून चिकटपट्टीचा कागद सुटला.

"दुखेल?" मुंगीनं विचारलं.

"लावताना नाही. काढताना बघू," तिची आई म्हणाली.

मुंगी ओट्यावर पाय सोडून बसली होती. गुडघ्याला नखाएवढं खरचटलं होतं, पण पट्टी तिला पाकिटातली सगळ्यात मोठी हवी होती. अपघात झालाय म्हटल्यावर तो दिसायला नको? मुंगी हे तिचं शाळेतलं नाव नव्हे. सारखं काहीतरी उचलून इकडचं तिकडे नेत असते म्हणून आजोबांनी ठेवलेलं. आत्ताही तिच्या मुठीत वाळू होती आणि ती सोडायला ती तयार नव्हती.

आजोबा, म्हणजे अप्पा, टेबलाशी बसले होते. एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा. पट्टा तुटलेली चप्पल त्यांनी टेबलावरच ठेवली होती. एरवी कुणी असं केलं असतं तर अप्पांनीच घर डोक्यावर घेतलं असतं.

"ब्रेक लागला नाही," अप्पा म्हणाले.

घरात पाऊल टाकल्यापासून ते एवढंच म्हणत होते. पाणी दिलं, ब्रेक लागला नाही. कुठे लागलं का विचारलं, ब्रेक लागला नाही.

झालं होतं ते असं. रोजच्यासारखे ते नातीला शाळेतून मोटरसायकलवरून आणत होते. कोपऱ्यावर नवी इमारत उठतेय, तिची वाळू अर्ध्या रस्त्यावर सांडलेली. तिथं एक हातगाडीवाला एकदम समोर आला. अप्पांनी गाडी थांबवायला बघितली, गाडी थांबली नाही. हातगाडी चुकवून ते वाळूच्या ढिगात शिरले आणि म्हैस डबक्यात बसावी तशी गाडी अलगद आडवी झाली. वाळूनं लाज राखली. लोकांनी उचललं, झटकलं, गाडी ढकलत घरापर्यंत आणून दिली.

तेवढ्यात फोन वाजला. मुंगीची आई तो घेऊन मागच्या गॅलरीत गेली. नवऱ्याच्या छापखान्यातली यंत्रं मागे धडधडत होती.

"काय म्हणतात?"

"ब्रेक लागला नाही म्हणतात."

"नाचता येईना अंगण वाकडं!" तो म्हणाला. "मागे फाटकाला धडकले तेव्हा काय म्हणाले होते, आठवतं? फाटक पुढे आलं म्हणाले. आज ब्रेक लागला नाही. उद्या रस्ता वळला नाही म्हणतील."

"अरे, ऐकतील ते."

"ऐकू देत. मागे मुंगी बसलेली असते गं." यंत्रांचा आवाज एकदम मोठा झाला, मग त्याचा. "हे बघ, तुला कळतं त्यातलं. तू बघ गाडी. त्या मेकॅनिककडे नको, तो अप्पांचा चहावाला दोस्त, अप्पा म्हणतील तेच सांगेल. ब्रेकमध्ये काही निघालं तर दुरुस्त करू, मी एका शब्दानं बोलणार नाही. नाही निघालं, तर किल्ली माझ्याकडे. संध्याकाळी येतो तेव्हा सांग."

म्हणजे झालंच. न्यायाधीश ती.

मुंगी व्हायच्या आधी ती दुचाक्यांच्या सर्व्हिस सेंटरवर काउंटरला होती. आलेल्या माणसाची तक्रार ऐकायची, समजून घ्यायची आणि आतल्या कारागिरांना कळेल अशी सांगायची. तिथं तिला कळलं होतं की 'ब्रेक लागत नाही' हे वाक्य एक आणि आजार दहा. डॉक्टरांना 'पोटात दुखतं' म्हणावं, तसं. कुणाचं पेडल नुसतंच खाली जायचं, कुणाचं कडक असायचं, कुणाची गाडी थांबायची पण कण्हत कुंथत. आणि कुणी 'ब्रेक लागतोय' अशी तक्रार घेऊन यायचं, तेव्हा काउंटरवरची नवी मुलगी गोंधळून म्हणायची, "मग चांगलंय की!" त्याचा अर्थ असायचा, न दाबताच लागून राहतोय, चाक घासतंय.

एक वाक्य मात्र त्या काउंटरवर तिनं कधीच ऐकलं नव्हतं. 'मी ब्रेक लावला नाही.' लागला नाही म्हणणारे रोज यायचे. लावला नाही म्हणणारा एकही आला नाही. लागला नाही म्हटलं की दोष गाडीचा. लावला नाही म्हटलं की आपला.

ती आत आली, अप्पांच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि काउंटरवरच्या आवाजात विचारायला लागली.

"अप्पा, पेडल दाबलंत तेव्हा ते खाली गेलं का?"

"गेलं ना. थोडं गेलं. खट्ट झालं."

"खट्ट?"

"खट्ट. आणि मग दगडासारखं कडक. सगळा जोर लावला मी, सूनबाई. उभा राहिलो म्हण ना त्यावर. चप्पल तुटली माझी!"

तिनं चपलेकडे पाहिलं. खट्ट होणारा ब्रेक तिच्या ऐकण्यात नव्हता. मऊ पडतो, घसरतो, किंचाळतो, पण खट्ट?

"आणि गाडी?"

"गाडी हिसका देऊन पुढेच."

"गाडी ओरडली," ओट्यावरून मुंगी म्हणाली. "अशी. घ्रांऽऽऽ!"

"थांबायची ती ओरडली कशाला?" तिनं अप्पांना विचारलं.

"तेच तर मी विचारतोय!" अप्पा म्हणाले. "तुला कळतं ना त्यातलं?"

तिला काहीच कळत नव्हतं. पुढच्या ब्रेकचं विचारण्यात अर्थ नव्हता. हातातल्या ब्रेकला अप्पा जन्मात बोट लावत नसत. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर आपटतो, हे त्यांचं वेदवाक्य. त्यांचा भरवसा मागच्या, पायातल्या ब्रेकवर. तिनं शेवटचं म्हणून मुंगीला विचारलं, कारण मागे बसणाऱ्याला पुढच्याचे पायच दिसतात.

"मुंगे, आजोबांनी कुठला पाय दाबला?"

मुंगीनं विचार केला. हात वर केला, पेन्सिल धरल्यासारखी बोटं हवेत फिरवली, आणि ठामपणे म्हणाली, "उजवा."

अप्पांनी टेबलावर थाप मारली. "बघ! लेकरू खोटं बोलेल का?"

ब्रेक उजव्या पायालाच असतो. म्हणजे अप्पांनी ब्रेक दाबला होता. मग दोष ब्रेकमध्येच हवा, आणि तो शोधला की प्रश्न मिटला. तिला एवढं हलकं वाटलं की अप्पांना तिनं न मागता चहा करून दिला. खरं सांगायचं तर त्यात तिचाही जीव अडकलेला होता. सासूबाई गेल्यापासून अप्पा दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायचे, हरवलेलं काही शोधत असल्यासारखे. शाळेच्या वेळा आल्या की मात्र भांग पाडून, किल्ली बोटात फिरवत तयार. आणि ते दोघं बाहेर असत तेवढा वेळ घरात तिची ती एकटी. त्या वेळात ती काय करायची? कधी केस विंचरायची. कधी नुसती बसायची.

गाडी घरासमोरच्या फरशीवर उभी होती, अंगभर वाळू. बिस्किटांच्या डब्यात नवरा पाने ठेवतो तो डबा तिनं आणला, जुना दात घासायचा ब्रश, फडकं आणि टॉर्च आणला, आणि गाडी मधल्या स्टँडवर घेतली. मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. तिनं ते हातानं फिरवलं. फिरलं, वाळू किरकिरली, बाकी काही नाही. फिरत्या चाकावर पेडल दाबलं. जागच्या जागी थांबलं.

पुन्हा फिरवलं, पुन्हा दाबलं. पुन्हा थांबलं.

पेडलला मोकळी चाल असते, दाब धरायच्या आधीची, ती बोटांनी मोजली. हवी तेवढीच. पेडल सोडल्यावर आपणहून वर येत होतं. मागचा लाल दिवा लागत होता. ब्रेकचे लायनर किती झिजले ते दाखवणारी खूण अजून बरीच अलीकडे होती. चाकाच्या डब्याभोवती तेलाचा ओघळ नाही, जळका वास नाही. पुढच्या ब्रेकचं तेल हँडलवरच्या डबीच्या काचेतून पाहिलं, स्वच्छ आणि भरलेलं. ज्या ब्रेकला कुणी विचारत नव्हतं तो तर नव्यासारखाच होता.

मग तिनं हेल्मेट घातलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत स्वतः चालवून पाहिली. तिकडून येताना मुद्दाम वेग घेतला आणि पाय दाबला. चाक कचकन थांबलं, फरशीवर काळी रेघ उमटली, आणि दारात चहाचा कप घेऊन उभे असलेले अप्पा ओरडले, "अगं हळू! पडशील!"

खट्ट नाही. दगडासारखं कडक नाही. ओरडणं नाही. अप्पा सांगत होते ती गाडी आणि ही गाडी, जणू दोन वेगळ्या गाड्या होत्या.

"मिळालं का काही?" अप्पांनी विचारलं.

"बघते अजून."

"आत्ता लागतोय, हो. तेव्हा लागला नाही." अप्पा दोन पावलं पुढे आले, गाडीला हात लावावा की नाही असे घुटमळले. "सूनबाई, मी खोटं नाही बोलत."

"तसं कुणी म्हटलंय का अप्पा?"

"तो म्हणाला असेल फोनवर. मला ऐकू येतं म्हटलं सगळं. फक्त फाटकं दिसत नाहीत." ते हसले, ती हसली, आणि दोघांचंही हसू अर्ध्यातच आटपलं. अप्पा आत गेले.

ती चाकापाशी बसून राहिली. सूर्य पलीकडच्या घरामागे उतरायला लागला होता. आता नवरा येईल आणि विचारेल, घोडं पेंड कुठे खातंय. आणि ती काय सांगणार? ब्रेक चांगला आहे म्हणावं, तर अप्पा खोटे ठरतात. आणि ते खोटं बोलत नव्हते, हे तिला समोरच्या चाकाइतकं स्वच्छ दिसत होतं.

मागच्या ब्रेकच्या सळईला शेवटी एक नट असतो. तो आवळला की ब्रेक लवकर लागतो, सैल केला की उशिरा. तिनं पाना त्या नटावर ठेवला. का ठेवला, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. एक आटा सैल केला. मग आणखी एक. मग आणखी. पेडल दाबून पाहिलं. आता ते सहज खाली जात होतं आणि चाक फिरतच राहत होतं.

ब्रेक लागत नव्हता.

इतकं सोपं होतं. नट सैल झाला होता म्हणायचं. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी होतो कधीकधी. नवरा शब्दाचा पक्का होता, एका शब्दानं बोलला नसता. अप्पा उद्या भांग पाडून, किल्ली बोटात फिरवत…

"मी बसू?"

मुंगी मागे येऊन उभी होती. गुडघ्यावर हातभर पट्टी, एका पायात मोजा. उत्तराची वाट न बघता ती गाडीवर चढली, पुढे, आजोबांच्या जागी, आणि हँडलला हात पुरावेत म्हणून टाकीवर पालथी पडली.

"हातगाडी आली!" ती ओरडली. "आजोबा म्हणाले, ब्रेक ब्रेक ब्रेक! आणि असा दाबला. असा, असा!"

ती पाय आपटत होती. आई वर बघत राहिली. मुंगी आपटत होती तो पाय डावा होता.

"तो नाही गं मुंगे. उजवा म्हणालीस ना?"

"हाच उजवा!"

"हा डावा."

"नाही!" मुंगीला भयंकर अपमान झाल्यासारखं वाटलं. "बाईंनी सांगितलंय. लिहायचा हात तो उजवा. मी ह्या हातानं लिहिते, मग हा उजवा. आणि ह्या बाजूचा पाय पण उजवा!"

आणि तिनं डावा हात उंच करून दाखवला. डावखुऱ्या लेकीचा, पेन्सिलीनं काळवंडलेल्या करंगळीचा डावा हात.

मुंगीची आई उठली आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली. तिकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. चालवताना गिअर पायाला जरा खाली लागला होता, पण तिचं सगळं लक्ष ब्रेककडे. ब्रेकची तक्रार असताना डाव्या बाजूला कोण बघतं? डाव्या पायाला असतो तो गिअर. गिअरचा दांडा खाली वाकला होता. कुणीतरी त्याच्यावर उभं राहिल्यासारखा. त्याच्या रबराला तपकिरी धागा चिकटला होता, चपलेच्या पट्ट्याचा.

खट्ट. गिअर खाली पडला. गाडी हिसका देऊन ओरडली. आणि गिअर आणखी खाली जाईना, म्हणून दगडासारखा कडक.

पण डावा पाय का? लहान पोर नाहीत अप्पा. तिचं लग्न व्हायच्याही आधीपासून ते हीच गाडी चालवत होते. हीच, असाच गिअर, असाच ब्रेक.

ती आत गेली. मुंगीही उतरून मागोमाग गेली. अप्पा टेबलाशीच होते, दाभण आणि दोरा घेऊन चप्पल शिवत होते. चप्पल डाव्या पायाची होती.

"अप्पा," ती म्हणाली, "तुमची जुनी गाडी होती ना, तरुणपणातली. ती कशी होती हो?"

अप्पांचा चेहरा उजळला. त्या गाडीचं कुणी विचारलं की त्यांचं वय पायरी पायरीनं उतरायचं.

"गाडी कसली, हत्ती तो! मुंगीची आजी मागे बसायची, तर म्हणायची, गाडीवर नाही, कुणाच्या तरी पाठीवर बसल्यासारखं वाटतं. घाट उतरायला लागलो की ही डोळे मिटून घ्यायची. मी म्हणायचो, अगं, बिनधास्त बस, हा पाय आहे तोवर…"

टेबलाखाली त्यांचा पाय फरशीवर दाबला गेला. शांतपणे, न चुकता, घाटाच्या उतारावर. डावा पाय. त्या गाडीला ब्रेक डावीकडे होता आणि गिअर उजवीकडे. तेव्हाच्या कितीतरी गाड्यांना तसंच असायचं.

अप्पा बोलायचे थांबले. टेबलाखाली वाकून त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, कुणा अनोळखी माणसाचा पाय चुकून त्यांच्या टेबलाखाली आल्यासारखं.

"सूनबाई," ते म्हणाले.

"हं."

"मी दाबला गं. खरंच दाबला."

"माहीत आहे अप्पा. दांडा वाकलाय."

"हो का?" त्यांनी दाभण खाली ठेवलं. "पण ती गाडी विकून किती वर्षं झाली. ती नव्हतीच ना आज? मी ह्याच गाडीवर होतो ना?"

"ह्याच गाडीवर होतात."

"मग आजच का?"

घाबरल्यावर माणसाचा पाय सगळ्यात जुन्या ओळखीच्या जागी जात असेल, असं तिला सांगायचं होतं. असं कुणाचंही होईल. नाहीतर ही कशाची तरी सुरुवात असेल. दोन्ही तितकंच खरं वाटत होतं आणि यातलं कुठलं, हे ओळखायला कुठलाच नट नव्हता.

"डोकं नाही विसरलं," अप्पा स्वतःशीच म्हणाले. "डोक्याला सगळं माहीत होतं. पाय विसरला."

ती बाहेर आली. नटावर पुन्हा पाना लावला आणि सैल केलेले आटे एकेक करून आवळले. मुंगी पुन्हा टाकीवर चढून पालथी पडली आणि ते बघत राहिली. चाक फिरवून पेडल दाबलं. जागच्या जागी थांबलं.

"काय करतेस?"

"ब्रेक नीट करते."

"तो खराब होता?"

"नाही. मी केला होता."

"का?"

तेवढ्यात फाटक वाजलं. नवरा आला तो आधी मुंगीपाशी गेला, तिची पट्टी पाहिली, "अरे बापरे, केवढं हे!" म्हणाला, तिला गाडीवरून उतरवून कडेवर घेतलं. मग बायकोकडे वळला. कामाच्या कपड्यांवर शाईचे डाग, आणि चेहऱ्यावर वाटभर घोकून आणलेलं भांडण.

"काय निघालं? ब्रेक लागतो की नाही?"

तिनं तोंड उघडलं. पण दारातून अप्पांचा आवाज आला.

"ब्रेक चांगला आहे," ते म्हणाले. दोन्ही पायांत चपला घालून ते नीट उभे होते. "लागला नाही म्हणालो ते चूक. मी लावला नाही."

"लावला रे त्यांनी!" तिच्या तोंडून निघून गेलं. "जीव खाऊन लावला, पण…"

"लावला की नाही लावला?" नवऱ्यानं विचारलं. "एकानं कुणीतरी काहीतरी एक सांगा बुवा."

"लावला, पण तिकडे," ती म्हणाली आणि तिनं वाकलेला दांडा दाखवला.

नवरा खाली बसला, दांड्याला हात लावला, अप्पांकडे पाहिलं. लहानपणी तो त्या जुन्या गाडीच्या टाकीवर बसायचा. त्याला काही समजावून सांगायला लागलं नाही. वाटभर घोकलेलं भांडण कुठे ठेवावं हे त्याला कळेना. फाटकाचा विनोद आता त्याच्याच अंगावर आला होता.

अप्पांनी किल्ली पुढे केली. नवऱ्यानं घेतली नाही. अप्पांनी ती तशीच धरून ठेवली.

"घे," अप्पा म्हणाले. "मागे ही बसते. हिच्यासाठी घे."

"डॉक्टरांना दाखवू आपण," नवरा म्हणाला. "काही नसेल, अप्पा. दचकलात म्हणून झालं असेल."

"दाखवू ना. पण आधी किल्ली घे."

त्यानं घेतली. घेतली आणि लगेच बायकोच्या हातात दिली, चटका बसल्यासारखी. तिच्या हाताला अजून पान्याचं काळं होतं. ती किल्ली आता कुठे ठेवायची हे तिला सुचेना. आतल्या खुंटीवर ठेवावी तर अप्पांच्या डोळ्यांसमोर, लपवावी तर अप्पांपासून लपवल्यासारखी.

"चहा टाकतो मी," अप्पा म्हणाले आणि आत गेले. स्वयंपाकघर कुठे आहे हे ते विसरले नव्हते. पण तिघंही त्यांच्या पाठीकडे बघत राहिले, आणि बघताना एकमेकांना सापडले.

मुंगी बापाच्या कडेवरून खाली घसरली. आईजवळ आली, तिची ओढणी खेचली, आणि मोठी माणसं गुपित सांगताना बोलतात त्या आवाजात म्हणाली,

"आई, आधी पाय विसरतो ना? मग त्याच्यानंतर काय विसरतं?"